वहीतलं २०२३ साल

बदली होऊन बँकेच्या पुण्याच्या शाखेत आले, तरी माझं डोकं मुंबईच्या डीलिंग रूममध्येच होतं, जिथे चलनांची खरेदी-विक्री चालते. सहा वर्षं डॉलर-रुपयाच्या स्क्रीनसमोर काढलेली. तिथे पाव पैशासाठी माणसं फोनवर ओरडतात. आणि इथे पहिल्याच महिन्यात, २०२४च्या जूनअखेरीस, काउंटरवर असा भाव समोर आला, जो मी दुपट्यात होते तेव्हापासून हललेला नाही.

समोरच्या सोसायटीचे वॉचमन आले होते. पन्नाशीचे, नेपाळमधल्या गुल्मीकडचे. सोसायटीत सगळे त्यांना 'बहादूर' म्हणतात. ते त्यांचं नाव नाही, हे मला फॉर्म पाहिल्यावर कळलं. एरवी ते महिन्याला दहा हजार पाठवायचे, आज रोख चाळीस आणले होते. रोखीने पन्नास हजारांपर्यंत पाठवता येतात, म्हणजे नियमात बसत होतं.

"ताई, आजच्या आज सगळे पाठवा. भाव बदलणार म्हणतात."

मला हसूच आलं. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, १९९३च्या फेब्रुवारीपासून तसेच. नेपाळ राष्ट्र बँक, म्हणजे तिथली रिझर्व्ह बँक, डॉलर विकून आपले रुपये घेते आणि हा भाव धरून ठेवते. डीलिंग रूममध्ये असताना चलनांच्या या जोडीकडे आम्ही ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जो भाव हलत नाही, त्यात धंदा कसला?

"काका, तो भाव ठरलेला आहे. कुठे जात नाही."

त्यांनी काही न बोलता पिशवीतून एक वही काढली. लाल कापडी बांधणीची, कडा उंदराने कुरतडलेल्या. पानं देवनागरीत लिहिलेली, त्यामुळे मला थेट वाचता आली. त्यांनी मधलं एक पान उघडून बोट ठेवलं.

'२०२३ असार. १०० = १०१.'

मी चरकले. मागच्या वर्षी आषाढात एकशे एक? असं होऊन गेलं आणि मला पत्ता नाही? क्षणभर खरंच स्क्रीनकडे हात गेला. मग वरच्या ओळीतलं '२०२२' दिसलं, आणि शाई इतकी विटलेली, की माझं मलाच कळलं. ते हसले. "आमचं २०२३, ताई. विक्रम संवत."

म्हणजे १९६६. वही त्यांच्या आजोबांची होती. आजोबा गोरखा पलटणीतून निवृत्त झालेले. पेन्शन आणायला डोंगर उतरून सीमेवरच्या सुनौलीमार्गे गोरखपूरला जायचे आणि परतल्यावर दर वेळी दोन आकडे लिहायचे: किती आयसी मिळाले आणि त्यांचे किती एनसी झाले. आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी त्यांचे. २०२२च्या प्रत्येक ओळीत तेच, ३० चे ४८. आणि २०२३च्या असारात ३० चे ३० रुपये ३० पैसे.

६ जून १९६६ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. निर्यात, आयात, परदेशी मदत, सगळे मुद्दे मला तोंडपाठ. पण नेपाळने तेव्हा आपला रुपया खाली आणला नाही, त्यामुळे गुल्मीच्या डोंगरात एका निवृत्त शिपायाच्या पेन्शनीतले जवळजवळ अठरा रुपये गेले, हे पुस्तकात कुठे होतं? आजोबांना वाटलं, वाटेत पैसे बदलून देणाऱ्या सावकाराने फसवलं. त्याच्याशी भांडण झालं ते कायमचं, असं काका म्हणाले.

दीड वर्षाने नेपाळनेही अवमूल्यन केलं. वहीत होतंच: '२०२४ पुस. १०० = १३५.' पुढची बरीच पानं उंदराच्या पोटात.

मला बरंच काही सांगता आलं असतं, आणि थोडं सांगितलंही. आज तसं काही होण्याचं चिन्ह नाही, इतपत. पण 'ठरलेला आहे, कुठे जात नाही' हे वाक्य मी पुन्हा उच्चारलं नाही. १९६६च्या मे महिन्यातही तो भाव ठरलेलाच होता, आणि तोही एकशे साठच.

काकांचं दुसरं दुखणं वेगळंच होतं. धाकटा भाऊ कतारला आहे. त्याचा रियाल डॉलरला बांधलेला, आणि आपला रुपया डॉलरपुढे घसरला की नेपाळी रुपयाही सोबत घसरतो. १९९३ला पन्नासच्या आसपास असलेला डॉलर त्या जूनमध्ये १३३ नेपाळी रुपयांवर गेला होता. म्हणजे भावाचा तोच रियाल गावात दर थोड्या वर्षांनी जास्त पैसे देतो. "माझे शंभर मात्र एकशे साठच," काका म्हणाले. यावर काय बोलणार? गणित त्यांचं बरोबर होतं.

शेवटी पंचवीस हजार पाठवायचं ठरलं, पंधरा परत खिशात गेले. मी नोटांचा तपशील मांडला, पावती दिली. तिकडे चाळीस हजार मिळतील, असं सांगितल्यावर त्यांनी वही पुन्हा पुढे सरकवली. शेवटी दोन पानं कोरी होती.

"आजचा भाव तुम्हीच लिहा."

मी लिहिलं, 'जून २०२४. १०० = १६०.' त्यांनी चष्मा लावून पाहिलं, माझ्याच हातातलं पेन घेतलं, २०२४वर काट मारली आणि शेजारी २०८१ लिहिलं.

"२०२४ आधीच झालंय ताई," ते म्हणाले.