पार्किंगमधला माग

बेळगावच्या वडगावात मागाची खटखट कुणाला नवी नाही. पण मी मोजमापाची टेप घेऊन गेलो त्या घरातला माग पार्किंगमध्ये उभा होता. पोर्चला तिन्ही बाजूंनी सिमेंट ब्लॉकच्या भिंती, तोंडाला शटर आणि शटरच्याही पुढे गटारापर्यंत पत्रा. शेजाऱ्यानं तक्रार केलेली, महापालिकेची नोटीस शटरवर डकवलेली: कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६, कलम ३२१. धाकट्या मुलीनं कन्नड वाचून दाखवलं होतं, तरी उद्या जेसीबी येणार काय, हीच घरभर धास्ती.

"उद्या कोणी येत नाही," मी आधी सांगून टाकलं. ३२१ खाली पहिल्यांदा तात्पुरता आदेश निघतो, सोबत कारणे दाखवा नोटीस. मालकाचं म्हणणं बघून मगच तो कायम करतात. तोवर काम थांबवायचं आणि मुदतीत लेखी उत्तर द्यायचं. गप्प बसलं तर मात्र कठीण.

काकूंचा प्रश्न सरळ होता. "गाडीच नाही आमच्यात, पार्किंग ठेवून काय करू?"

हा प्रश्न मला दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणी ना कुणी विचारतंच. पास झालेल्या प्लॅनवर अडीच बाय साडेपाच मीटरचा चौकोन दाखवलेला होता. तो घरासाठी असतो, मालकाकडे गाडी असो वा नसो. शिवाय उघडं पार्किंग एफएआरमध्ये, म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं त्या हिशेबात, धरत नाहीत, म्हणून तेवढं बांधकाम वर मिळतं. त्याला भिंत घातली की ती खोली झाली, आणि खोलीचं फुटेज मोजलं जातं. या घरानं वरचा मजला आधीच चढवला होता, एफएआर शिल्लक नव्हता. सुधारित प्लॅन घालायचा म्हटलं तरी गाडीची जागा दुसरीकडे कुठे दाखवणार? बाजूची गल्ली जेमतेम सायकलची.

थोरला मुलगा म्हणाला, "अक्रम-सक्रममध्ये घालूया की. दंड भरतो." बेकायदा बांधकाम दंड घेऊन नियमित करायच्या त्या सरकारी योजनेला सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली, पण तिच्या भरवशावर भिंत घालणारे अजून भेटतात.

मग मापं घेतली. नीळ लावलेली दोरी ताणून पुढच्या सेटबॅकची, म्हणजे घरापुढं मोकळ्या सोडायच्या जागेची, रेघ मारली, तर ती थेट मागाखालून गेली. मागाचे पुढचे दोन पाय सेटबॅकमध्ये, मागचे दोन प्लॅनमध्ये! काकू वाकून बघत म्हणाल्या, "रेघ जरा पुढं सरकत नाही काय?" रेघ मारून मी कितीदा तरी शिव्या खाल्ल्यात, असं आर्जव पहिल्यांदाच ऐकलं.

शेजाऱ्याला भेटणं माझं काम नव्हे, पण भेटलो. भिंतीशी त्याचं काही वाकडं नव्हतं. पत्र्याचा एक खांब गटारात रोवला होता. तिथे कचरा अडकून पाणी त्याच्या उंबऱ्याशी यायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी घरात घेतलेल्या माणसाला गटार तुंबलेलं कसं बघवेल? खांब त्याच संध्याकाळी उपटला. तक्रार तो मागे घ्यायला तयार झाला, पण तक्रार मागे घेतली म्हणून भिंत नियमात बसत नव्हती, हे थोरल्याला पटवायला चहाचे दोन कप गेले.

अडचण उरली मागाची. बीमवर, म्हणजे मागाच्या ताण्याच्या रुळावर, सूत चढलेलं, साडी अर्धी विणलेली. "बीम उतरल्याबिगर माग हलवायचा नाही," काका ठाम. मी उत्तरात तसंच लिहिलं: भिंत, शटर, पत्रा स्वखर्चानं काढतो, पण बीम उतरेपर्यंत मुदत मिळावी. महापालिकेत टेबलावरचा माणूस हसला. म्हणाला, असलं कारण अजून फाइलला लागलं नव्हतं. सुनावणीत मुदत मिळाली.

बीम उतरला, भिंती पाडल्या. पुढे आरपार दिसणारी लोखंडी जाळी आणि सरकतं गेट बसवलं. तपासणीला आलेल्यांनी फोटो काढले, हरकत घेतली नाही. माग सोप्यात गेला आणि सोप्यातला दिवाण पोर्चात आला. गाडी आली तर दिवाण उचलायचा, एवढं काकूंकडून कबूल करून घेतलं. ब्लॉक गच्चीवर रचून ठेवलेत. तिथे खोली काढायची का, म्हणून थोरल्याचा परवा फोन आला होता. एफएआरचा हिशेब त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितला.