रायव्हल म्हणजे पाटावरचा शेजारी

मागच्या आठवड्यात प्रेझेंटेशनमधे मी 'रायव्हल कंपनी' लिहिलं तर आमच्या मॅनेजर मॅडमनी ते खोडून तिथे 'कॉम्पिटिटर' टाकलं, म्हणाल्या रायव्हल लिहिलं की भांडण चालू असल्यासारखं वाटतं. आता मला दोन्हीचा अर्थ प्रतिस्पर्धी एवढाच माहिती, शाळेत तोच पाठ केलेला. मग घरी येऊन डिक्शनऱ्या चाळत बसलो आणि जेवण गार झालं.

तर हा शब्द लॅटिन 'रीवुस'वरनं आलाय, रीवुस म्हणजे ओढा, पाट. आणि 'रीवालिस' म्हणजे एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. (रिव्हर पण ह्याच घरातला वाटतो ना? तर नाही, तो काठ या अर्थाच्या 'रिपा'वरनं. डिराईव्ह मात्र सख्खा, ओढ्यातनं पाणी वळवून काढणं.) पुढे रोमन लोकांनीच एका बाईवर जीव लावलेल्या दोघांना हाच शब्द लावला. आणि गंमत म्हणजे संस्कृतात सपत्न म्हणजे शत्रू, तो सपत्नीवरनं, म्हणजे आपली सवत!

मॅडमचं तसं बरोबरच होतं म्हणा. एका टेंडरला दहा जण आले की ते कॉम्पिटिटर, एकमेकांचं तोंडही बघितलेलं नसतं. रायव्हल व्हायला सारखी गाठ पडावी लागते आणि तोडीस तोड असावं लागतं. टेनिसमधले फेडरर-नदाल घ्या, 40 मॅच, नदाल 24, फेडरर 16, आणि 2022 ला लंडनमधे फेडररची शेवटची मॅच झाली ती डबल्स होती, पार्टनर कोण तर नदाल, आणि नंतर बाकावर शेजारी बसून दोघंही रडतायत. कॉम्पिटिटरसाठी कोण रडतं?

अजून एक, हे क्रियापद म्हणून आलं तर अर्थ बरोबरी करणं, स्पर्धा करणं नाही. इंग्रजीत 'तुझ्या पुरणपोळीला कोणी रायव्हल करू शकत नाही' म्हटलं तर ते कौतुक आहे, आणि अनरायव्हल्ड म्हणजे ज्याला तोड नाही असा. मी इतके दिवस 'तो माझ्याशी रायव्हल करतोय' असं बिनधास्त म्हणत होतो.

पण माझं डोकं ओढ्यापाशीच अडकलं होतं, कारण आमच्या गावाकडे चारीला, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या पाटाला, पाणी सुटलं की आजोबा रात्री बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे मातीचा बांध फोडून-घालून पाणी शेतात वळवायला जायचे, आणि वरच्या अंगाला त्यांच्या चुलतभावाचं शेत, तो आपली पाळी संपली तरी मधेच दारं मोडून पाणी आपल्याकडे वळवायचा. मग अंधारात बांधावरनं शिव्या, चार दिवस बोलणं बंद. आणि एकदा पावसाळ्यात चारी फुटली तेव्हा हेच दोघं कमरेएवढ्या चिखलात उभे राहून माती टाकत होते, आम्हाला कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

आजोबा त्याला भाऊबंद म्हणायचे. शिवी दिल्यासारखंच म्हणायचे.