तेरुएल ते ताहो: गाड्या नाहीत, दुकानंही नाहीत

क्षेत्रफळाने जवळपास पुणे जिल्ह्याएवढा प्रांत, आणि त्यात माणसं जेमतेम सव्वा-दीड लाख. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतच ९४ लाख होती. पूर्व स्पेनमधला हा तेरुएल प्रांत आणि त्याला लागून असलेले ग्वादालाहारा व क्वेन्काचे डोंगराळ कोपरे युरोपातल्या सर्वांत विरळ वस्तीच्या मुलखांत मोडतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर इथली तरुण पिढी वालेन्सिया, बार्सेलोना, माद्रिदला कामाला गेली ती परतली नाही. मागे राहिले जंगलखात्याचे कच्चे रस्ते, मेंढरांच्या वाटा आणि बंद पडलेली एक खाण-रेल्वे. खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची ग्रॅव्हल सायकल चालवणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवं? फक्त एक लक्षात ठेवायचं: ज्या कारणाने गाड्या नाहीत, त्याच कारणाने दुकानंही नाहीत. या प्रवासाचं सगळं नियोजन त्याभोवती फिरतं.

तेरुएलहून निघून तेरुएललाच परतणारा ‘मोंतान्यास वासियास’ नावाचा सुमारे ७०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्याची जीपीएक्स फाइल (जीपीएसवर मार्ग दाखवणारी) आणि माहिती नेटवर फुकट मिळते. आम्ही तो जसाच्या तसा केला नाही. त्याचा आधार घेऊन आपला एक फेरा आखला: तेरुएल, अल्बारासीन, ताहोचा उगम, तिथून नदीच्या दरीने खाली, मग गायो नदीने वर मोलिना दे आरागोन, आणि पठारावरून परत. चढ सह्याद्रीतल्या घाटांसारखे एकदम अंगावर येत नाहीत, पण संपतही नाहीत. तेरुएल शहरच ९०० मीटरच्या वर आहे, आणि पुढे बराच वेळ आपण १,२०० ते १,६०० मीटरच्या दरम्यान असतो.

अल्बारासीनबद्दल फार लिहीत नाही. गुलाबी मातीच्या भिंतींचं, डोंगरावर तटबंदी चढवलेलं सुंदर गाव आहे, आणि त्यामुळेच शनिवार-रविवारी तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही. आमचा सल्ला: किराणा भरा, कॉफी घ्या, आणि लाल वालुकाश्माच्या पाइन जंगलात शिरा. तिथल्या खडकांवरची प्रागैतिहासिक चित्रं १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सायकल खाली लावून पायवाटेने जावं लागतं. जाळीआडची चित्रं फिकट आहेत. सकाळच्या उजेडात जास्त नीट दिसतात.

ताहो ही इबेरियातली, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातली, सर्वांत लांब नदी. हजारभर किलोमीटर वाहून ती लिस्बनजवळ अटलांटिकला मिळते. तिचा उगम फ्रियास दे अल्बारासीन गावाच्या हद्दीत, सुमारे १,६०० मीटरवरच्या एका गवताळ सखल भागात आहे. धातूचं भलंमोठं शिल्प उभं केलंय, पण आम्ही गेलो तेव्हा पाण्याची धार मात्र ओंजळभरच. मजा अशी की याच डोंगरातून निघणाऱ्या तुरिया आणि हुकार या नद्या उलट्या दिशेला, भूमध्य समुद्राकडे जातात.

उगमाच्या खालच्या बाजूला वनखात्याच्या रस्त्यांनी पेरालेहोस दे लास त्रुचासकडे उतरता येतं, आणि तिथून पुढे या सगळ्या प्रवासाचं सोनं आहे. आल्तो ताहो हे २००० सालापासून संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, खाली निळसर हिरवं पाणी आणि मध्ये पांढऱ्या खडीचा रस्ता. कुठे कुठे रस्त्यावर आडवी साखळी लावलेली असते. ती मोटारींसाठी, सायकल बाजूने जाते. सकाळी दहापर्यंत गिधाडं कपारीत बसून असतात. ऊन तापलं की एकेक करून हवेत झेपावतात, आणि दुपारी मान वर केली तर दहा-पंधरा तरी घिरट्या घालताना दिसतातच.

ताराविया तलाव आणि पोवेदाचा धबधबा या टप्प्यावर आहेत. पाण्यातली चुनखडी साचून साचून नैसर्गिक बांध तयार होतो, तसा हा तलाव अडलाय. दोन्हींसाठी वाट थोडी वाकडी करावी लागते, ती करा. एकेकाळी याच पाण्यातून पाइनचे ओंडके शेकडो किलोमीटर खाली आरांहुएसपर्यंत तरंगत नेत. ओंडक्यांवर उभं राहून हातातल्या आकड्याने त्यांना वळवणाऱ्या कामगारांना गांचेरोस म्हणत. हा धंदा गेल्या शतकात संपला, पण दर उन्हाळ्याच्या शेवटी इथली गावं आळीपाळीने त्यांचा उत्सव भरवतात. जमलं तर ती तारीख साधा. राहायला जागा मात्र फार आधी बघावी लागेल.

‘गाड्या नाहीत’ या शब्दांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. साओरेहासजवळचा सान पेद्रो पूल, जिथे गायो नदी ताहोला मिळते, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये माणसं डुंबायला येतात, आणि गाड्या घेऊनच येतात. आम्ही सप्टेंबर अखेरीस होतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी अर्धा-अर्धा दिवस एकही गाडी दिसली नाही. त्या सुमारास हरणांच्या माजाचा काळ असतो. संध्याकाळ झाली की नर हरणं अशी काही डरकाळतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याची झोप उडावी.

खाण्यापिण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण माहितीपत्रकं इथेच कमी पडतात. लहान गावात एकच बार असतो. तोच चहा-कॉफी, तोच नाश्ता, तोच गावाचा कट्टा. तो आठवड्यातून एक दिवस बंद असतो, आणि तो दिवस प्रत्येक गावाचा वेगळा. दुकान असलंच तर दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं ते पाचपर्यंत उघडत नाही. रविवारी तर विचारूच नका. पाववाल्याची व्हॅन हॉर्न वाजवत येते, तेव्हा हातातलं सोडून धावा. नियम सोपा: पुढच्या दोन जेवणांचं सामान कायम पिशवीत, आणि बार उघडा दिसला की भूक नसली तरी थांबा. शक्यतो पैसेही इथेच खर्च करा. चार सायकलवाल्यांच्या जेवणाने अशा बारला खरंच फरक पडतो.

शाकाहाऱ्यांनी आणखी सावध राहावं. मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो, ‘मिक्स सॅलड’वर ट्यूना मासा येतो, आणि गोड बिस्किटांतसुद्धा डुकराची चरबी असू शकते. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट) पावात घालून मागा, सगळीकडे मिळते. अंडं नको तर टोमॅटो चोळलेला पाव, चीज, ऑलिव्ह, फळं. भारतातून तुपातले लाडू किंवा पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शेंगदाण्याची चिक्की मात्र चालते, आणि चढावर तिला तोड नाही.

पाणी जवळजवळ प्रत्येक गावच्या कारंज्याला मिळतं. ‘आग्वा नो पोताब्ले’ असं लिहिलं असेल तर ते पिऊ नका. ‘नो त्रातादा’ म्हणजे क्लोरीन न घातलेलं. गावकरी ते पितात, आम्ही फिल्टर करून प्यायलो. पठारावर माणशी तीन लिटर तरी बरोबर हवं.

गायोच्या काठाने वर येताना बारान्को दे ला ओस लागतो: तांबड्या खडकाची अरुंद घळ, आणि कड्याच्या पोटाशी टेकलेलं मेरीमातेचं देवस्थान. रस्ता डांबरी आहे, तरी चुकवू नका. पुढे मोलिना दे आरागोन, मोठ्या किल्ल्याचं गाव. या टप्प्यातलं खरंखुरं सुपरमार्केट इथेच. स्पेनमधल्या सर्वांत थंड गावांमध्ये याची गणना होते. १९५२ च्या जानेवारीत इथे पारा उणे २८ अंशांच्या खाली गेला होता. सप्टेंबरातही पहाटे बोटं आखडतात आणि दुपारी शर्टाची बाही वर करावी लागते. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि हलकं पिसांचं जॅकेट घ्याच.

मोलिनानंतरचं पठार सगळ्यांना आवडेल असं नाही. कापणी झालेली गव्हा-जवाची शेतं, मधूनच जुनिपरची बुटकी झाडं आणि समोरून वारा. माझ्या जोडीदाराला कंटाळा आला, मला नाही. इथे दोन गोष्टींना जपायचं. पहिली माती. कोरडी असताना मस्त. पाऊस पडला की आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानासारखी चाकाला धरते आणि सायकल उचलूनही नेता येत नाही. अंदाज पावसाचा असेल तर डांबरी रस्ता धरा. दुसरी म्हणजे मास्तीन, कळपाची राखण करणारे प्रचंड कुत्रे. मेंढरं दिसली की उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरून शांतपणे लांबून वळसा घाला. मेंढपाळ दिसला तर हाक मारा. पळायचं अजिबात नाही.

परतीला ओहोस नेग्रोसची लोखंडाची खाण. इथून खनिज सागुन्तोच्या बंदरापर्यंत नेण्यासाठी १९०७ मध्ये २०४ किलोमीटरची खास रेल्वे सुरू झाली, १९७२ मध्ये ती थांबली. रूळ उखडलेल्या त्या मार्गाचा बराच भाग आता सायकलींसाठी आहे. सान्ता एउलालियाकडून तेरुएलपर्यंत तो जवळजवळ सपाट मिळतो, थकलेल्या पायांना वरदानच.

बाकी फुटकळ. टायर किमान ४५ मिलिमीटर, ट्यूबलेस, पंक्चर बुजवणाऱ्या सीलंटची जादा बाटली आणि गिअर जितका हलका तितका बरा. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. दरीत मोबाइलला रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा. आपत्कालीन क्रमांक ११२. नैसर्गिक उद्यानात हवा तिथे तंबू ठोकता येत नाही आणि चूल तर नकोच. २००५ मध्ये याच भागातल्या वणव्यात आग विझवणारे ११ जण गेले. ग्रामीण घरं शनिवार-रविवारी बऱ्याचदा दोन रात्रींखेरीज भाड्याने देत नाहीत, म्हणून हे दोन दिवस मोठ्या गावात येतील असं आखा. शरद ऋतूत शिकारीच्या पाट्या लागलेल्या दिसल्या तर त्या दिवशी तो रस्ता सोडून द्या.

वालेन्सिया आणि सारागोसा दोन्हीकडून तेरुएलला रेल्वेमार्ग आहे, पण त्यावर मधूनमधून कामं निघतात आणि गाडीऐवजी बस सोडतात. बसमध्ये उघडी सायकल सहसा घेत नाहीत, म्हणून एक पातळ सायकलपिशवी जवळ असू द्या. गाड्या दिवसातून मोजक्याच आणि प्रत्येकीत सायकलींच्या जागाही मोजक्याच. तेव्हा सायकलची जागा तिकिटासोबतच राखून ठेवा.