गॉगल, रबरी तुकडा आणि बाटलीभर गोष्ट

व्हर्च्युअल रिॲलिटीचा अगदी सुरुवातीचा नीट आराखडा वाचायचा असेल तर 'वंडर स्टोरीज' या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाचा जून 1935चा अंक काढा. स्टॅन्ली वाइनबॉमच्या कथेत प्रोफेसर लुडविगचं यंत्र दिसतं गॅस मास्कसारखं: डोळ्यांवर गॉगल, तोंडात रबरी तुकडा.

गंमत आहे ती आतल्या द्रवात. गोष्ट चित्रित होते फिल्मवर नाही, तर प्रकाशसंवेदी रसायनांच्या द्रावणात. चव रसायनांनी मिसळायची, आवाज विजेने. मग विद्युत अपघटन (द्रावणातून वीज सोडून त्यातली रसायनं फोडणं) सुरू केलं की आधी नोंदलेलं आधी सुटतं, आणि गोष्ट क्रमाने उलगडते. स्पर्शाचं काय? तिथे प्रोफेसर हात झटकतो: गोष्टीत रमलात तर तुमचं मनच तो पुरवेल! पळवाट आहे खरी, पण चतुर.

खरी गोची दुसरीकडे आहे. पात्रं प्रेक्षकाला उत्तरं देतात म्हणे. पण आधीच भरून ठेवलेलं द्रावण उत्तर देणार कसं? मान वळवली तर दृश्यही वळायला हवं. त्यासाठी डोक्याची हालचाल मोजून चित्र त्या क्षणी नव्याने काढावं लागतं. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँडने ते 1968 साली करून दाखवलं, तेही साध्या रेषांच्या आकृत्यांत. आजही या मोजण्या-काढण्यात साधारण 20 मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला, तर अनेकांना मळमळतं.

कथेत प्रोफेसर हे यंत्र एका कॅमेरा कंपनीला विकायला जातो, पण ती त्याला परत पाठवते. कारणं? चित्र स्पष्ट नाही, एका वेळी एकच माणूस वापरू शकतो, फार महाग आहे. हेडसेटच्या दुकानात आजही हेच ऐकू येतं.