आवाज पायजे का दम?

दुपारच्या सुस्तीत फाट्यावरच्या ब्रेकरला एखादी बसकी टर्बोची गाडी पोट घासून जाते. टपरीवरच्या माना वळतात, "सायलेन्सर बदलला वाटते" अशी नोंद होते, आणि पुन्हा खर्रा घोटायला सुरुवात. मला मात्र तो 'खर्रर्र' ऐकून आधी सायलेन्सर गाडीखाली टांगून धरणाऱ्या हँगरचं रबर आठवतं. खोड आहे, जात नाही.

सायलेन्सर नवा करायचा म्हटलं की मिस्त्री विचारतो, "भाऊ, आवाज पायजे का दम?" प्रश्न रास्त आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचं धुराकडचं टर्बाइनचं चाक धुराचे ठोके आधीच मोडून टाकतं, म्हणून टर्बोची गाडी मुळात गप्प असते. "थोडं बॅकप्रेशर (धुराला अडवणारा उलटा दाब) ठेवा, नाहीतर पिकअप जाईल" असं सांगणारे जागोजागी भेटतात. त्यांना चहा पाजावा, पाईप मात्र मोकळाच ठेवावा. चाक फिरतं ते अलीकडे दाब आणि पलीकडे मोकळीक असते म्हणून. त्यामुळे खरी किंमत टर्बोला लागून असलेल्या डाउनपाईपची. धूर तिथे सगळ्यात गरम, म्हणून सगळ्यात फुगलेला असतो. मागे जाता जाता थंड होऊन आकसतो. ढोबळ हिशेबाने 250-300 अश्वशक्तीपर्यंत अडीच इंच व्यासाचा पाईप पुरतो, त्यावर तीन इंचांचा. पण तीन इंची पाईप गाडीखालची अर्धा इंच जागा खातो आणि आपल्याकडचे ब्रेकर कुठल्याच मापात बसत नाहीत. म्हणून माप घ्यायचं ते टाकी फुल करून, चार माणसं बसवून.

सगळ्यात जास्त फसगत पाईप घेताना होते. ग्रिल-रेलिंगच्या दुकानात मिळणारं चकचकीत स्टील बहुतेक 202 असतं, म्हणजे स्वस्त, हलक्या प्रतीचं. लोहचुंबक चांगल्या प्रतीच्या 304 ला चिकटत नाही तसा 202 लाही नाही, म्हणून खिशातून चुंबक काढून दुकानदाराला दाखवण्यात अर्थ नाही. स्टील तपासायच्या रसायनाचे थेंब मिळतात, ते टाकून बघावं. दीड मिलिमीटर जाडीचा 304 बरा. तो तापून वाढतो मात्र चांगलाच: तापमान 500 अंशांनी चढलं की मीटरमागे साधारण साडेआठ मिलिमीटर. टर्बोनंतर फ्लेक्स (लवचिक जोड) नाही आणि मागे रबर नाही, तर ही वाढ वेल्डिंगच फोडून बाहेर येते. बेंड मँड्रेलचेच, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेले, मागवावेत. प्रेसवर वाकवलेला पाईप वळणावर चपटतो आणि तीन इंचांचे पैसे अडीच इंचांवर जातात.

गाडीखाली फक्त वेल्डिंगचे टाके मारायचे, तेही बॅटरीची वायर काढून. मग सगळं खाली उतरवून टेबलावर आर्गन वायूच्या वेल्डिंगने पक्कं करायचं. फ्लँज (पाईपांच्या जोडाची चकती) जाड प्लेटला बोल्टने आवळूनच वेल्ड करावा, नाहीतर तो वाकडा होतो आणि गॅस्केट कितीही बदला, फुसफुस थांबत नाही. पाईपाच्या आतूनही आर्गन सोडावा. घाईत हे टाळलं की आतल्या बाजूला साखरेच्या खड्यांसारखी काळी खरखर धरते आणि पुढे तिथूनच तडा जातो. ऑक्सिजन सेन्सरची नट आडव्या रेषेच्या वर, तिरपी बसवावी, म्हणजे साचलेलं पाणी त्यात उतरत नाही.

आता घुमारा, म्हणजे एकाच वेगाला डोक्यात घुमणारा सायलेन्सरचा आवाज. गावात फिरताना तो कळत नाही, समृद्धी महामार्गावर तासभर एकाच आरपीएमवर गेलं की डोकं धरतं. चार सिलिंडरचं इंजिन 2400 आरपीएमला सेकंदाला 80 ठोके देतं. धूर 300 अंशांच्या आसपास असला तर आवाज त्यातून सेकंदाला 480 मीटर धावतो. म्हणजे आवाजाची एक लहर सहा मीटरची, तिचा चौथा हिस्सा दीड मीटर. मुख्य पाईपाला तेवढ्या लांबीची, शेवटी बंद केलेली फांदी जोडली की घुमारा बराच दबतो. सुरुवातीला चार बोटं लांबच ठेवावी. कापता येतं, वाढवायला पुन्हा वेल्डिंगवाला शोधावा लागतो.

कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढायचा नाही. गाडीत फेरफार करायला आडकाठी घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, आणि भसाभस वास मारणाऱ्या गाडीत मागे पोरं बसवायची असतात. कॅटखालची पत्र्याची ढालही नव्या कामात हमखास राहून जाते, "वजनच कमी होते" म्हणून. दिवाळीच्या आधी रस्त्यावर सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरलेलं असतं आणि त्यावरून आलेल्या गाडीच्या पोटाखाली ते अडकून बसतं. कॅट तेव्हा कुटार पेटवण्याइतका तापलेला असू शकतो. ढाल लावून घ्या, आणि कुटारावर गाडी उभी करू नका.