चालू की वजनं उचलू?

"मॅडम, वजन उतरवायचंय. चालायला लागू की जिम लावू?" साताऱ्यात फिजिओथेरपी करायला लागल्यापासून हा प्रश्न मला दवाखान्यात विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि एकदा मंडईत मेथीची जुडी निवडताना. उभ्याउभ्या मी "दोन्ही" म्हणते आणि समोरच्याचं तोंड उतरतं. म्हणून आज बसून सांगते.

पूर्वी मीसुद्धा "रोज तासभर चाला" एवढं सांगून मोकळी व्हायचे. त्याचा भुर्दंड एका काकूंच्या गुडघ्याला बसला. वय ५८, वजन ९४ किलो, दोन्ही गुडघे झिजलेले. मुलाने माझं बोलणं फारच मनावर घेतलं आणि आईला पहाटे थेट अजिंक्यताऱ्यावर चालवत नेलं. चढताना दम लागला तो लागलाच, पण घात केला उतरणीने. उतरताना शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूने झेलायचा असतो. तोच कमजोर असला की सगळं गुडघ्यावर येतं. चौथ्या दिवशी काकू रिक्षातून आल्या, गुडघा टम्म सुजलेला. "तुम्हीच सांगितलं होतंत चालायला," असं त्या काही म्हणाल्या नाहीत, मुलगा म्हणाला. आणि त्याचं बरोबरच होतं.

सूज उतरल्यावर मी काकूंना खुर्चीत बसवलं. साधी प्लास्टिकची खुर्ची, सरकू नये म्हणून भिंतीला टेकवलेली, वर दोन उशा. बैठक उंच असली की उठायला सोपं जातं, म्हणून उशा. हात छातीशी, पावलं जरा मागे, पुढे झुकायचं आणि उठायचं. बसताना धपकन नाही, तीन आकडे मोजत. तेही मोठ्याने, कारण जोर लावताना माणूस श्वास कोंडतो आणि कोंडला की बीपी चढतं. पहिल्या दिवशी पाच वेळा उठल्या, सहाव्याला हात टेकला.

"एवढाच व्यायाम?" मुलगा म्हणाला.

"आई दर खेपेला जवळजवळ सगळं अंग उचलतेय. तू जिममध्ये किती उचलतोस रे?"

काकूच हसल्या. "म्हणजे माझं वजन एकदाचं कामाला आलं म्हणायचं!"

दहा-बारा दिवसांनी एक उशी काढली, पुढे दुसरी. १९४० च्या दशकात थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायांना टप्प्याटप्प्याने जास्त वजन द्यायला सुरुवात केली. पुनर्वसनातला ताकदीचा व्यायाम आजही त्याच वाटेने जातो. तो लोखंड वाढवत गेला, मी उशा कमी करते.

चालणं सोडलं नव्हतंच. सपाटीवर दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. शेजारणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगाने. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. १५० ऐकून लोक दचकतात, पण दिवसाला वीस-बावीस मिनिटंच होतात ती.

आता दोन्ही कशाला? नुसती वजनं उचलून काटा फारसा हलत नाही, हे कबूल. चरबी उतरवायला चालणं, सायकल, पोहणं जास्त उपयोगी, आणि त्याहून ताटातला हिशोब. पण वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो. २०१७ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला, ६५ च्या पुढच्या १६० स्थूल माणसांवर. आहार आवरून व्यायाम करणारे तीन गट होते: नुसता एरोबिक (चालण्या-सायकलीसारखा दम वाढवणारा), नुसता ताकदीचा आणि दोन्ही. तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे ९ टक्के उतरलं. पण चरबी सोडून उरलेलं वजन नुसत्या एरोबिकवाल्यांचं ५ टक्के घटलं, दोन्ही करणाऱ्यांचं ३, नुसत्या ताकदवाल्यांचं २. आणि उठणं-बसणं, जिना चढणं अशा कामांच्या चाचणीत दोन्हीवाले २१ टक्क्यांनी सुधारले, बाकीचे दोन्ही गट १४ टक्क्यांनी. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा होता, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२!

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांना विचारा आणि रक्तातली साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात साखर ठेवा. छातीत दुखत असेल तर आधी तिकडे जा, माझ्याकडे नंतर.

चार महिन्यांनी काकू काट्यावर उभ्या राहिल्या. ८९. "पाचच?" म्हणून हिरमुसल्या. मग पर्स उचलता उचलता सांगितलं, परवा माहेरी जाताना एसटीच्या पहिल्या पायरीला कंडक्टरने हात पुढे केला, तो घ्यावा लागला नाही. हे त्यांनी आल्या आल्या का नाही सांगितलं, देव जाणे.

दारातून परत वळल्या. "मग आता अजिंक्यतारा?"

"चढा चालत," म्हटलं, "उतरा गाडीने."