बांधावरचे बिऱ्हाड

नवरात्राच्या आगेमागे एका दुपारी रायगडातल्या आमच्या शेताच्या बांधावर ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग दिसला. बिळाचे तोंड आतून बुजवलेले होते, म्हणजे मालक घरी होता. खाली खाचरात भाताची काही धाटे बुडाशी तिरपी कापून आडवी पडली होती, आणि घाव इतका साफ की विळ्यानेही असा साधला नसता.

शेतातल्या उंदराला चोर म्हणणारी माणसे मला फारशी मानवत नाहीत. पावसाळाभर खाचरात पाणी साचलेले असताना उंच, कोरडी आणि पोखरायला मऊ अशी एकच जागा उरते, ती म्हणजे बांध. तो आपणच घालतो, आणि हौसेने रुंद घातला तर त्यात बिऱ्हाडेही जास्त मावतात. लोंब्या भरू लागल्या की उंदरांची वीणही जोर धरते. मादी जेमतेम तीन आठवडे गाभण राहते, मग उघडीनागडी, आंधळी पाच-सात पिल्ले होतात, आणि ती दूध पीत असतानाच तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात. एवढा पसारा गव्हाणी घुबडाने आणि धामणीने कितीही मनावर घेतला तरी आवरायचा कसा? विषाचेही सोपे नाही. उंदराला ओकता येत नाही, त्यामुळे नवे खाणे तो आधी कुरतडून पाहतो आणि शंका आली की सोडून देतो. म्हणून झिंक फॉस्फाईड घालण्याआधी दोन-तीन दिवस त्याला बिनविषाचा पाहुणचार करावा लागतो. या पाहुणचाराची मला नेहमीच थोडी लाज वाटत आली आहे.

लहानपणी कापणी झाली की कातकरी जोडपे पहार घेऊन यायचे. बाई एक सोडून सगळी तोंडे चिखलाने लिंपायची, उरलेल्या तोंडाशी मडक्यातला धूर फुंकायची, आणि पुरुष बांधाला कान लावल्यासारखा वाकून खणायचा. आम्ही पोरे श्वास रोखून बसायचो ती उंदरासाठी नव्हे, तर त्याच्या कोठारासाठी. हात कोपरापर्यंत आत जायचा आणि बाहेर येताना मूठभर लोंब्या आणायचा, बऱ्याचशा एकाच दिशेला देठ केलेल्या. ते धान्य खणणाऱ्याचे, हा अलिखित नियम आजोबांनी कधी मोडला नाही. उंदीर भाजून खाल्ला जाई, आणि त्याचा वास चांगला येई, हे घरी सांगायची मात्र सोय नव्हती.

त्या चिखलात आम्ही अनवाणी हुंदडायचो. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे, जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात मजेत नांदतात. त्याला स्वतःला त्याचा काही त्रास दिसत नाही, पण मूत्रावाटे ते खाचरात उतरतात आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकून राहतात. गुरे आणि कुत्रीही हे जिवाणू बाळगतात, नाव मात्र उंदराचेच होते. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईला हा आजार कळला. भातशेतीत तो पुराची वाट पाहत नाही, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या त्याला पुरतात. गमबूट घाला, असे सांगणाऱ्यांनी एकदा ते घालून लावणी करून पाहावी.

तापाबरोबर डोळे लाल होतात आणि पोटऱ्या विलक्षण दुखतात, ही त्याची खूण. पण लावणीच्या दिवसांत पोटऱ्या कोणाच्या दुखत नाहीत? म्हणून पहिले दोन-तीन दिवस माणूस अंगावर काढतो, आणि साध्या गोळ्यांनी भागण्याचे दिवस नेमके तेच असतात.